लाल कुलूप

कुलूपदादांना चोरी करताना पकडलं, ही बातमी बिल्डिंगमध्ये सगळ्यांत आधी तळमजल्यावरच्या टेलरला कळली, तेव्हा ती किती खरी असेल ते आलंच. टेलरच्या दुकानातून निघाली तेव्हा "सुट्टीच्या दिवशी पंपहाउसमध्ये सापडले" एवढंच तिचं कापड होतं. पहिल्या मजल्यावर तिला तांब्याच्या वायरीची बाही लागली. दुसऱ्या मजल्यावर अख्खी मोटर जोडली गेली. गच्चीखालच्या रिटायर्ड पोस्टमास्तरांपर्यंत पोचली तोवर दादा जीपमध्ये बसले होते आणि वहिनी बॅग भरून माहेरी निघाल्या होत्या. त्याच वेळी प्रत्यक्षात दादा बनियनवर आपल्या गॅलरीत चहा पीत होते, आणि वहिनी त्यांच्या डोक्यावरून हात लांब करून दोरीवर चादर वाळत घालत होत्या. गॅलरी सगळ्यांना दिसते. पण इतकी रंगात आलेली गोष्ट समोरच्या गॅलरीपायी कोण मोडणार?

आता खरं काय ते. दादा सुट्टीच्या दिवशी कामावर गेले होते हे खरं, वॉचमनने त्यांना पंपहाउसमध्ये हटकलं हेही खरं. हातात मात्र वायर नव्हती, मोटर तर नव्हतीच. हातात होतं त्यांचं स्वतःचं लाल कुलूप. वॉचमनला त्यात काही वावगं वाटलं नाही. दादांच्या हातात कुलूप नसतं तर कदाचित त्याने शिट्टी फुंकली असती. संध्याकाळी पँट न्यायला आला तेव्हा त्याने ते टेलरला गंमत म्हणून सांगितलं. दादांना त्यात गंमत वाटली नव्हती. ते कुलूप तिथे कसं राहिलं, हे त्यांना काही केल्या आठवत नव्हतं.

शहरातले लोक भांडी घासतात, अंघोळी करतात, संडासची साखळी ओढतात आणि पुढच्या कामाला लागतात. त्यांनी सोडलेलं सगळं जमिनीखालून वाहत शहराच्या टोकाला, एका लांबलचक भिंतीआड येऊन पोचतं. तिथे सांडपाण्याचं सरकारी केंद्र आहे. पाणी तपासणारे आणि शुद्ध करणारे लोक वेगळे. त्यांच्याकडे काचेच्या बाटल्या असतात आणि बोलण्यात इंग्रजी. दादांचं खातं देखभालीचं. म्हणजे हे सगळं ज्या छपराखाली चालतं ते छप्पर गळू न देणं, कठडे गंजू न देणं, पंपांची बेअरिंग बदलणं, विहिरीसारख्या खोल खोल्यांतली विषारी हवा बाहेर फेकणारे पंखे फिरते ठेवणं, दारं, बिजागऱ्या, दिवे, आणि ऑफिसातलं बेसिन. हे बेसिन सारखं तुंबायचं. अख्ख्या शहराचं पाणी वाहतं ठेवणारं ऑफिस, आणि साहेबांना हात धुवायला बाहेरच्या नळावर जावं लागायचं. दादा पाना घेऊन बेसिनखाली झोपायचे आणि तिथूनच म्हणायचे, "साहेब, पाइपाचा काही दोष नाही. या ऑफिसात काहीच पुढे सरकत नाही, पाणी तरी कसं सरकेल?"

तिथे वास येत नाही का, असं त्यांना जन्मभर ज्याने त्याने विचारलं. लग्नात, तेराव्याला, दाढी करताना न्हाव्याने. दादांचं उत्तर ठरलेलं होतं. "पहिल्या दिवशी आला होता."

आणि कुलूप? त्याची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

शहराचं पाणी आत शिरताना आधी एका जाळीवर आदळतं. चिंध्या, पिशव्या, खेळणी, एकदा तर कुणाची तरी पुरी कवळी, सगळं त्या जाळीला येऊन चिकटतं. मोठाल्या दात्यांची एक साखळी वर-खाली फिरत राहते आणि तो गाळ उपसून काढते. तिला तिथे सगळे पंजा म्हणतात. दादा नोकरीला नवीन असताना पंजात अडकलेली चिंधी काढायला त्यांचे उस्ताद, एक म्हातारे फिटर, आत वाकले होते. वरच्या खोलीतल्या ऑपरेटरला वाटलं, काम उरकलं. त्याने बटण दाबलं. उस्तादांचा उजवा हात कोपरापासून गेला.

उस्ताद त्यानंतर जगले, आणि झकास जगले. डाव्या हाताने पत्ते पिसायला शिकले. शर्ट शिवायला टाकताना उरलेल्या बाहीचं कापड परत मागायचे आणि टेलरला रडकुंडीला आणायचे. बटण दाबणाऱ्याला कुणी बोल लावला नाही. चौकशीत त्याची चूक निघाली नाही. काम संपलं का हे कळायला तेव्हा आरोळीशिवाय काही नव्हतंच. उस्ताद स्वतः त्याच्या घरी जाऊन हक्काने चहा मागून आले. पण त्या माणसाने पुन्हा कुठलंही बटण दाबलं नाही. नोकरी सोडली. लिफ्ट असेल तिथे जिना चढायचा. अंधार पडला की घरातला दिवा लावायला बायकोला हाक मारायचा, आणि ती बाहेर गेली असली तर ती येईपर्यंत अंधारात बसून राहायचा. दादा अधूनमधून त्याच्याकडे जात. दोघं अंधारातच गप्पा मारत.

उस्तादांचा हात गेला त्याच आठवड्यात दादांनी बाजारातून एक कुलूप विकत आणलं. पंजाजवळ जायचं झालं की आधी स्विच बंद, त्यावर कुलूप, किल्ली खिशात. वर्कशॉपमध्ये हसून हसून लोळण. "घरात चोरून नेण्यासारखं काही नाही, म्हणून इथे लावतोय बिचारा!" नाव पडलं ते तेव्हा. पुढे काही वर्षांनी ऑफिसनेच नियम केला. प्रत्येकाला एकेक लाल कुलूप मिळालं, त्याला बिल्ला, बिल्ल्यावर ज्याचा त्याचा फोटो. नियम एवढाच: यंत्रात हात घालायच्या आधी स्विच बंद करून आपलं कुलूप आपल्या हाताने घालायचं. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, साहेबांनीही हात लावायचा नाही. एक जरी लटकत असलं तरी यंत्र हलणार नाही, आणि एकही नसलं तर समजायचं, आत कुणी नाही. हसणारे सगळे गप्प झाले. नाव मात्र राहिलं.

विसरणं आलं ते आधी घरात आलं. पाहुण्यांना एक विनोद सांगून झाला, चहा आला, चहा पिता पिता दादांनी तोच विनोद पुन्हा सांगितला. वहिनी दोन्ही वेळा सारख्याच हसल्या, म्हणून पाहुणेही हसले. मग दादा हातात दुधाची पिशवी घेऊन जिन्यात थबकायला लागले. वर जायचं की खाली, हे ठरेना. जिन्यात थबकणाऱ्या माणसाबद्दल बिल्डिंगमध्ये एकच समज असतो, तो कान देऊन ऐकतोय. त्यामुळे दादा दिसले की दारांआडची भांडणं आवाज खाली आणायची. वहिनी वरून हाक मारायच्या, "अहो, दूध नासेल!" आणि दादा आवाजाच्या दिशेने चढायला लागायचे.

त्या सुट्टीच्या दिवशी दाढी करता करता दादांचा हात थांबला. आदल्या दिवशी जादा पंपाचं काम केलं होतं. कुलूप काढलं का आपण? किल्ली खिशात होती, पण किल्ली काय, नेहमीच खिशात असते. कुलूप पट्ट्याला नव्हतं. अर्धी दाढी तशीच ठेवून ते निघाले. पंपहाउसमध्ये पंपाचं झाकण जागच्या जागी घट्ट होतं, फरशी पुसलेली होती, हत्यारं कपाटात गेली होती. काम नीट संपवून माणूस घरी निघून गेला होता. फक्त कुलूप लटकत होतं, आणि बिल्ल्यावरचा तरुण दादा त्यांच्याकडे बघून हसत होता. पंप जादाचा होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

काढायचं विसरलं तर काय होतं? यंत्र बंद पडून राहतं. दादा परत येताना बसमध्ये स्वतःची हीच समजूत घालत होते. पण बस थांब्यावर थांबली तसं त्यांच्या मनात आलं की काढायचं विसरणारा माणूस एक दिवस घालायचंही विसरेल. हे आत्ताच साहेबांना सांगायला हवं होतं. सांगितलं तर दुसऱ्या दिवसापासून पाना हातात नाही. ज्या कामाने त्यांना नाव दिलं, ते काम त्यांच्या हातून जाणार. दादा उतरायचा थांबा सोडून पुढे गेले, मग चालत मागे आले, आणि गप्प बसले.

त्याऐवजी त्यांनी एक युक्ती काढली. कुलूप पट्ट्याला डावीकडे असायचं, ते उजवीकडे घेतलं आणि साखळी लांब केली. म्हणजे पट्ट्याला असलं की चालताना मांडीवर आपटणार, आणि आपटलं की आठवणार.

देखभालीच्या टोळीत एक इलेक्ट्रिशियन होती. टोळीत बाई अशी ती एकटीच, आणि भरल्या वर्कशॉपमध्ये दादांना उलटं बोलणारीही एकटीच. दादा तिला वायरबाई म्हणायचे. दादांच्या मुलीच्या वयाची असावी. दादांना मुलगी नव्हती, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

"दादा, झोपताना तोंडालाही लावता का हो ते कुलूप? वहिनी म्हणत होत्या, घोरण्यावर काही उपाय हवाय."

"तुझ्या जिभेला लावायचं होतं. त्या मापाचं मिळालं नाही."

असं दोघांचं चालायचं. एका सकाळी पंजात कुणाची तरी गोधडी अडकली. साखळी जाम झाली, मोटर तापून बंद पडली. वायरबाईने वर मोटरच्या वायरी बघायच्या आणि दादांनी खाली उतरून गोधडी सोडवायची, असं ठरलं. तिने पॅनेलचा स्विच बंद करून आपलं कुलूप घातलं. दादांनी चष्मा काढून पॅनेलच्या माथ्यावर ठेवला. खाली वाकताना दोन चष्मे जाळीत पडून गेल्यापासून ते तसंच करत. "शहराला माझ्या डोळ्यांनी बघायचंय, बघू दे," असं म्हणायचे. त्याही दिवशी ते काहीतरी असंच बोलले, ती हसली, तेही हसले, आणि हसत हसत शिडी उतरले.

खाली पाणी काळं आणि जाड वाहत होतं. दादांनी दात्यांमध्ये खांद्यापर्यंत हात घातले. हात काही विसरले नव्हते. पीळ कुठे बसलाय, कुठला दाता आधी मोकळा करायचा, हे बोटं आपणहून करत होती. गेल्या कित्येक दिवसांत दादांना इतकं हलकं वाटलं नव्हतं. गोधडीचा एक कोपरा सुटून आला, त्यावर कुणीतरी मन लावून शिवलेली फुलं होती.

"दादा, वर या."

"आलो. हा एवढा पीळ सुटला की..."

"आत्ता या. आधी हात काढा बाहेर."

तिचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी हात काढले. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तशी उजवीकडून लोखंडावर लोखंड आपटलं. दुसऱ्या पायरीवर पुन्हा. दादा तिथेच थांबले. त्यांना खाली बघायची गरज नव्हती. जे कुलूप वर स्विचवर लटकायला हवं होतं ते त्यांच्या कमरेला होतं, आणि प्रत्येक पायरीला वाजत होतं.

वर आल्यावर ती पॅनेलला पाठ लावून उभी होती. स्विचवर तिचं एकटीचं कुलूप होतं. हातात दादांचा चष्मा.

"माझं काम झालं होतं," ती म्हणाली. "मी माझं कुलूप काढून खिशात टाकलं होतं, दादा. दुसरं नव्हतंच तिथे. मला वाटलं, तुम्ही वर येऊन गेलात. बोट बटणावर होतं. मग हा चष्मा दिसला, आणि कुलूप परत घातलं."

तिने पुढे केलेला चष्मा दोघांच्याही हातून पडला. काच फुटली नाही. तो उचलायला बराच वेळ कुणी वाकलं नाही.

दोघं बाहेर पायऱ्यांवर बसले. ती भराभर बोलायला लागली. "कुणाला कळता कामा नये. मी सांगणार नाही, तुम्हीही सांगायचं नाही. उद्यापासून तुमचं कुलूप मी घालीन. तुम्ही फक्त किल्ली सांभाळा. रिटायर होईपर्यंत नेते मी तुम्हाला ओढून. एवढं तर जमेल ना?"

"जमेल," दादा म्हणाले.

घरी येऊन त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं. वहिनी भाजी निवडत होत्या, त्यांचे हात थांबले नाहीत. "मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "दुधाच्या पिशवीपासून ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय केलं असतंत? घरी बसला असतात. घरी बसलात की चार भिंती बघत उरलंसुरलंही विसराल. तिथे जाता, चार माणसांत बोलता, हाताला काम असतं, म्हणून तर एवढे तरी आहात. ती पोरगी भली आहे. घालते म्हणतेय ना कुलूप, घालू द्या."

अंधारायला लागलं. वहिनी म्हणाल्या, "दिवा लावा हो जरा." दादा उठले, भिंतीपाशी गेले, बटणावर बोट ठेवलं आणि तसेच उभे राहिले. वहिनींना वाटलं, दिवा कसा लावायचा हेही विसरले. त्यांनी भाजीच्या ताटात मान घातली आणि डोळे पुसले. दादा काहीच विसरले नव्हते. त्यांनी दिवा लावला.

काही दिवस वायरबाईने शब्द पाळला. यंत्रापाशी गेलं की ती हात पुढे करायची, "द्या." दादा पट्ट्याचं कुलूप सोडून द्यायचे, ती ते घालायची, दोनदा ओढून बघायची, मग त्यांना खूण करायची. आपला फोटो दुसऱ्याच्या हाताने लटकताना बघून दादांना, शाळेत दुसऱ्याने आपल्या बुटाचे बंद बांधावे, तसं वाटायचं. टोळीतल्या कुणाला काही कळलं नाही. वेल्डर एवढंच म्हणाला, "काय दादा, हल्ली नोकर ठेवलाय का?" आणि वायरबाईने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मग पंख्याचं काम निघालं. खोल खोलीतली हवा ओढणारा तो मोठा पंखा घरघरायला लागला होता. दोघं गेले. "द्या," ती म्हणाली. तिने दादांचं कुलूप घातलं, ओढलं, पुन्हा ओढलं, दादांकडे बघितलं, "तुम्ही खालीच थांबा, पाना लागला तर द्या" असं बजावलं, आणि शिडी चढून पंख्याच्या पात्यांत हात घालून कामाला लागली.

दादांनी सहज स्विचकडे बघितलं. तिथे एकच कुलूप होतं, त्यांचं. वर तिच्या कमरेला लाल काहीतरी हलत होतं.

त्यांनी हाक मारली नाही. पात्यांत हात असलेल्या माणसाला दचकवायचं नसतं. त्यांनी स्विचला पाठ लावली आणि दोन्ही हातांनी मागची चौकट धरून उभे राहिले. कुणी येणार नव्हतं. आलं असतं तरी त्यांचं कुलूप होतंच. यंत्र हललं नसतं. दादांना हे सगळं समजत होतं. फक्त एका गोष्टीची खात्री त्यांना देता येत नव्हती. किल्ली त्यांच्या खिशात होती. वायरबाई वर आहे हेच आपण विसरलो, आणि आपलंच कुलूप आपण काढलं, तर? जगात त्या घडीला तिला धोका होता तो एकाच माणसाचा, आणि तो माणूस तिची राखण करत उभा होता. दादांनी खिशातली किल्ली काढली आणि लांब कोपऱ्यात भिरकावली.

किल्लीचा आवाज ऐकून तिने वळून बघितलं. मग स्विचकडे. मग हात कमरेकडे गेला. ती हळूहळू खाली उतरली. "तुमचंच बघत होते मी," ती म्हणाली. "तुमचं बघता बघता... उद्यापासून दोन्ही नीट बघते."

"बरं," दादा म्हणाले. त्यांनी कोपऱ्यात वाकून किल्ली शोधली, कुलूप काढलं, आणि तडक साहेबांच्या खोलीत गेले.

साहेब माणूस चांगला. ऐकताना आधी हसले, मग हसू ओसरलं. दादांनी फक्त स्वतःचं सांगितलं. पंख्याचं नावही काढलं नाही. साहेब म्हणाले, "दादा, एवढं मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला स्टोअरला बसवतो. पाठदुखीचं कारण देऊ. गाजावाजा कशाला?"

"गाजावाजाच करायचाय, साहेब," दादा म्हणाले. "आज मला माहीत आहे की मी यंत्राला हात लावायचा नाही. उद्या कुणी घाईत हाक मारेल, दादा जरा या, आणि मी हे विसरून जाईन. मला आठवून उपयोगाचं नाही. त्यांना माहीत पाहिजे."

दुपारी टोळी वर्कशॉपमध्ये जमली. दादा बाकासमोर उभे राहिले. भाषण करायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते ओरडूनच बोलले, पंपाजवळ बोलतात तसे. "मी विसरायला लागलोय. परवा पंजात कुलूप न घालता उतरलो. यापुढे मी कुठल्याही यंत्राजवळ दिसलो तर मला हाकलायचं. मी भांडेन. म्हणेन, काल आलेली पोरं तुम्ही, मला शिकवता? तरी हाकलायचं."

वेल्डर घसा खाकरून म्हणाला, "शिव्या दिल्या तर चालतील का, दादा?"

"आजवर माझ्यामागे देत होतास. आता तोंडावर दे."

लोक हसले, पण हसून झाल्यावर कुणाला मान वर करता येईना. रिटायर होणाऱ्याचं कुलूप वर्कशॉपच्या भिंतीवरच्या खिळ्याला उघडं टांगायची त्या टोळीची रीत आहे. दादांनी आपलं कुलूप किल्लीसकट आधी रिटायर झालेल्यांच्या कुलपांशेजारी टांगलं. वायरबाई ते बघायला थांबली नाही.

संध्याकाळी दादांनी हे घरी सांगितलं तेव्हा वहिनी ताट वाढून आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी न सांगता त्या साडी बदलून तयार झाल्या आणि दादांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरने गोड शब्दांत सांगितलं की हे वाढत जाईल, हळूहळू वाढेल, पण मागे फिरणार नाही. परत येताना जिन्यात टेलर भेटला, तोंड उघडलं, वहिनींकडे बघितलं, आणि मिटलं. बिल्डिंगच्या इतिहासात असं क्वचितच झालं असेल.

दादा अजून कामावर जातात. वहिनी त्यांना गेटपर्यंत सोडतात, वॉचमन आत घेतो. जिथे वीज नाही, चाक नाही, दाता नाही, अशी सगळी कामं त्यांची: कठडे घासून रंगवणं, बिजागऱ्यांना तेल, दारांच्या कड्या. आणि साहेबांचं बेसिन. दोनदा ते सवयीने पंपहाउसकडे वळले. दोन्ही वेळा पोरांनी अडवलं, दादा भांडले, वेल्डरने ठरल्याप्रमाणे शिव्या दिल्या, आणि मग त्यांना मोठ्या टाकीपाशी नेऊन ब्रश हातात दिला.

वायरबाई मात्र त्यांच्याशी बोलत नव्हती. समोरून आली तर टाकीला वळसा घालून जायची. एके दिवशी दादा टाकीच्या कडेचा कठडा पिवळा रंगवत बसले होते. खाली पाणी संथ फिरत होतं. ती आली आणि कठड्याच्या न रंगवलेल्या भागाला टेकून उभी राहिली.

"माझं नाव का नाही घेतलंत साहेबांपुढे?" ती म्हणाली. "पंख्याची चूक माझी होती."

दादा रंगवत राहिले.

"सगळ्यांसमोर स्वतःचे धिंडवडे काढून घेतलेत. काय गरज होती? पोरं तुम्हाला हाताला धरून फिरवतात, बघवत नाही मला. एकदा चुकले मी. पुन्हा चुकले नसते. मी होते ना! नेलं असतं मी तुम्हाला शेवटपर्यंत. एवढासा भरवसा नव्हता माझ्यावर?"

दादांनी ब्रश डब्याच्या काठाला निथळायला लावला. रंगाचा थेंब पडेपर्यंत थांबले. मग मान वर करून म्हणाले,

"भरवसा होता गं. पण मी मेलो असतो तर माझी कायमची सुट्टी झाली असती. तुला दुसऱ्या दिवशी कामावर येऊन तेच बटण दाबावं लागलं असतं."